रापणीच्या दोरावर अंगचोर शोधताना

मानसशास्त्राच्या एम.ए.ला असलेली माझी एक विद्यार्थिनी लघुप्रबंधाचा विषय घेऊन आली, तेव्हा तिचं वाक्य तयार होतं. "मॅडम, रापण ओढताना माणसं अंग चोरतात का, ते मला बघायचंय." मालवणच्या बाजूची मुलगी, घरापासून किनारा हाकेच्या अंतरावर. मी खूश झाले. दरवर्षी माझ्याकडे येणारे बहुतेक विषय म्हणजे मोबाईलचा वापर आणि ताण, एक प्रश्नावली, मैत्रिणींकडून भरून घेतलेल्या दीडशे प्रती. इथे निदान कोणीतरी उन्हात उभं राहून डोळे वापरणार होतं.

घाटावरच्या वाचकांसाठी रापण थोडक्यात सांगते. जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघते, जाळं सोडत समुद्रात मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही दोरांवर माणसं लागतात आणि जाळं हळूहळू वाळूवर ओढून आणतात. आत बांगडा, तारली, पेडवे, जे नशिबात असेल ते. ओढायला रापण संघाची माणसं असतातच, शिवाय किनाऱ्यावरून जाणारा कोणीही हात लावतो, आणि हात लावणाऱ्याला थोडीफार मासळी मिळते. आता त्यात पर्यटकांचीही भर पडली आहे.

विषय तिला सुचला तो पाठ्यपुस्तकातून. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने १८८०च्या दशकात माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि निष्कर्ष १९१३ साली छापले. एकट्याने ओढताना माणूस सरासरी ८५ किलोच्या आसपास जोर लावत होता, सातजणांत माणशी ६५ आणि चौदाजणांत ६१. हे जोर न जुळल्यामुळे होतं की माणूस मनातून सैल पडल्यामुळे, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत राहिला. १९७४ मध्ये इंगम आणि सहकाऱ्यांनी युक्ती केली: डोळे बांधलेल्या माणसाला दोरावर सर्वांत पुढे उभं केलं, मागे सामील असलेले लोक फक्त ओढण्याचं सोंग करत होते. जोर तरीही कमी झाला. म्हणजे सगळा दोष ताळमेळाचा नव्हता. १९७९ मध्ये लातने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि ओरडणं वापरून हेच दाखवलं. इंग्रजीत या प्रकाराला जे नाव आहे त्याचं भाषांतर आपल्या पुस्तकांत 'सामाजिक आळस' असं वाचायला मिळतं. आपल्याकडे अंग चोरणे हा याहून नेमका शब्द पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. तोच आम्ही घेतला.

फ्रान्समध्येही दोर आणि मालवणातही दोर, त्यामुळे विषय तिला आयता मिळाल्यासारखा वाटला. फरक एवढाच की रिंगलमनच्या दोराला जोर मोजणारं यंत्र बांधलेलं होतं. आमच्या दोराला जाळं बांधलेलं होतं.

तिचा पहिला आराखडा एका पानाचा. दोन रकाने: 'ओढतोय' आणि 'ओढत नाही'. दर पंधरा सेकंदांनी मोबाईलची घंटी वाजणार, त्या क्षणी एका दोरावरच्या प्रत्येकाकडे नजर टाकून खुणा करायच्या. शेवटी दोरावर माणसं कमी असतानाची टक्केवारी आणि जास्त असतानाची टक्केवारी ताडून पाहायची. आराखड्यातल्या चुका मला दिसत होत्या, पण मी बोलले नाही. एकदा किनाऱ्यावर जाऊन ये, एवढंच सांगितलं. टेबलावर दाखवलेली चूक विद्यार्थी वहीत लिहून घेतात. किनाऱ्यावर स्वतः केलेली चूक त्यांच्या अंगात राहते.

ती आनंदात परत आली. अंगचोर भरपूर सापडले होते! खुणांनी पान भरलेलं. काही माणसं तर दर तिसऱ्या-चौथ्या घंटीला 'ओढत नाही'मध्ये. पुढच्या रापणीला मी तिच्याबरोबर गेले.

सकाळचे आठ वाजत आलेले. दोरावर चौदा-पंधरा माणसं, सगळी पाठीमागे कललेली, टाचा ओल्या वाळूत रुतलेल्या. एक-दोन मिनिटं पाहिलं आणि पहिली गोष्ट लक्षात आली. माणसं ओढत ओढत मागे सरकतात, त्यामुळे सर्वांत मागचा गडी वाळूच्या चढापर्यंत पोचतो. तिथे तो दोर सोडतो, हात झटकतो आणि रमतगमत पाण्यापर्यंत चालत येऊन सगळ्यांच्या पुढे पुन्हा दोर धरतो. मग पुढचा गडी. दोर सोडून चालणारा माणूस हा रापणीचाच भाग आहे. आमच्या पानावर मात्र तो प्रत्येक फेरीत एकदा तरी अंगचोर ठरत होता. दर तिसऱ्या-चौथ्या घंटीचं रहस्य ते.

दुसरी गोष्ट एका म्हाताऱ्याने सांगितली. पट्ट्यापट्ट्यांची लुंगी गुडघ्याच्या वर खोचलेली, डोक्याला टॉवेल, एक हात दोरावर नुसता ठेवलेला. पहिल्या दिवसाच्या पानावर त्याच्या नावाने एकही 'ओढतोय' नव्हतं. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "ता काय लिवतंस गो, चेडवा?" तिने रकाने दाखवले. त्याने पान निरखून पाहिलं. "मगे माका खयच्या रकान्यात घातलंस? काम नाय करणाऱ्यात?" ती गप्प. तो हसला, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांच्या रांगेकडे बोट केलं आणि म्हणाला, "जाळा वाकडा इला काय मासो भायर." दुसऱ्या दोराकडची बाजू पुढे आली होती. त्याने हात वर करून हाळी दिली, पलीकडची माणसं थांबली, आमच्या बाजूने चार ओढी जास्त घेतल्या, मग दोन्ही दोर पुन्हा बरोबरीने चालू झाले. त्या किनाऱ्यावर सर्वांत महत्त्वाचं काम करणारा माणूस आम्ही आळशी म्हणून नोंदवला होता.

माझं मत असं की निरीक्षणाच्या अभ्यासात डोळे फार क्वचित चुकतात. चुकतात ते रकाने, कारण ते घरी बसून आखलेले असतात. तिने पुढचे दोन रविवार वही न नेता दोर ओढला. हातांना फोड आले, आणि रकाने दोनाचे सहा झाले.

ओढ: शरीर मागे कललेलं, हात ताणलेले, निदान एक टाच रुतलेली. धर: हात दोरावर, पण शरीर उभं आणि कोपर वाकलेलं. चाल: दोर सोडून पाण्याच्या दिशेने जाणं. सांभाळ: दोर गुंडाळणं, बोयांवर नजर ठेवणं, इशारा देणं. बाहेर: दोरापासून पाच पावलांपेक्षा लांब आणि वरच्यापैकी काहीच चालू नाही. सहावा रकाना 'दिसला नाही'. हा सहावा रकाना विद्यार्थी नेहमी विसरतात. मग माणसाआड माणूस आला की निरीक्षक अंदाजाने खूण करतो, आणि अंदाज नेहमी त्याच्या गृहीतकाच्या बाजूने झुकतो. प्रत्येक व्याख्येत दिसणारी गोष्ट हवी होती. 'मन लावून ओढतोय' असं काही नको, कारण मन दिसत नाही, टाच दिसते.

यानंतरची अडचण मला स्वतःला आधी सुचली नव्हती, हे कबूल करते. नव्या रकान्यांनी केलेल्या एका चाचणीत दहा-बारा मिनिटांच्या एका तुकड्यात जवळजवळ सगळा दोर 'धर'मध्ये, आणि लगेच पुढच्या तुकड्यात सगळा 'ओढ'मध्ये. माणसं तीच, जाळं तेच. आम्ही दोघी चक्रावलो. मग ती संध्याकाळी घराच्या पडवीत बसून नुसत्या लाटा मोजत राहिली आणि तिला उलगडलं. लाट आत येते तेव्हा ती जाळ्याला किनाऱ्याकडे ढकलते, त्या क्षणी सगळे ओढतात. पाणी मागे फिरतं तेव्हा नुसतं धरून ठेवायचं, नाहीतर कमावलेलं अंतर जातं. त्या दिवशी लाटा साधारण पंधरा सेकंदांनी येत होत्या. आमची घंटीही पंधरा सेकंदांची. काही वेळ घंटी लाटेबरोबर वाजत राहिली, मग हळूहळू सरकत परतणाऱ्या पाण्याबरोबर वाजू लागली. आम्ही माणसांचं नाही, समुद्राचं वेळापत्रक नोंदवत होतो.

ठरावीक अंतराने नोंद घेणं पुस्तकात इतकं निरागस दिसतं की ज्या वर्तनाला स्वतःचा ठेका आहे तिथे ते फसवतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. शाळेच्या तासाला, देवळातल्या आरतीला, कारखान्यातल्या पट्ट्याला, सगळ्यालाच ठेका असतो. उपाय सोपा निघाला. वीस ते चाळीस सेकंदांच्या दरम्यान यादृच्छिक अंतर ठेवून घंट्यांच्या ध्वनिफिती आधीच बनवल्या, प्रत्येक रापणीला वेगळी, आणि ती एका कानात लावून नोंद. शिवाय तक्त्यात एक बारीक रकाना वाढवला: लाट आत की बाहेर. 'धर' ही खूण लाट आत येत असतानाची असेल तरच तिचा विचार करायचा.

आता कोणाकडे पाहायचं? या प्रश्नावर १९७४ साली जीन आल्टमन यांनी लिहिलेला लेख अजूनही पहिला वाचायला द्यावा असा आहे. केनियातल्या अंबोसेलीत बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या या बाईंनी निरीक्षणाच्या पद्धती एकेक करून तपासल्या आणि कोणती पद्धत कोणत्या प्रश्नाला उत्तर देऊ शकते हे मांडलं. जे नजरेत भरेल ते लिहीत जाणं ओळख करून घ्यायला ठीक, पण मोजणीला निरुपयोगी, कारण नजरेत भरतं ते ठसठशीत असतं. साऱ्या गटावर झटपट नजर फिरवणं वेगळं, आणि एकाच व्यक्तीला ठरावीक वेळ धरून राहणं वेगळं. पंधरा माणसांवर एका घंटीत नजर फिरवताना आमची नजर पाण्याकडच्या पाच-सहाजणांवर रेंगाळत होती, शेपटाकडचे घाईत उरकले जात होते. म्हणून तिने एकेक व्यक्ती घेतली. चिठ्ठी काढून दोरावरचा कितवा माणूस ते ठरवायचं, त्याची खूण लिहायची (निळी टोपी, पिवळा टीशर्ट, नाव कधीच नाही) आणि पुढची सहा मिनिटं तो जिथे जाईल तिथे नजर. तो फिरून पाण्याकडे आला तरी तोच.

दुसरी निरीक्षक म्हणून तिची मावसबहीण आली. तिला अभ्यासाचा प्रश्न मुद्दाम सांगितला नाही. १९६३ मध्ये रोझेंथल आणि फोड यांनी विद्यार्थ्यांना साधे उंदीर देऊन काहींना 'हे हुशार' आणि काहींना 'हे मंद' असं सांगितलं होतं, आणि हुशार म्हटलेले उंदीर चक्रव्यूहात सरस ठरल्याच्या नोंदी आल्या होत्या. उंदरांच्या बाबतीत असं होतं, तर अंगचोर शोधायला निघालेल्या मुलीला अंगचोर दिसणारच.

दोघींच्या नोंदी जुळतात का, हे तिने आधी नुसत्या टक्केवारीने काढलं आणि आकडा पाहून हरखली. हिशोब कळावा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा शंभर नोंदी आहेत आणि दोघींनीही नव्वद-नव्वद वेळा 'ओढ' आणि उरलेल्या दहा-दहा वेळा 'धर' लिहिलं आहे. शंभरपैकी ८६ ठिकाणी दोघींचं जुळलं. ऐकायला झकास. पण दोघींनी डोळे मिटून नव्वद टक्के वेळा 'ओढ' लिहिलं असतं तरी ८२ ठिकाणी जुळलं असतं. म्हणजे योगायोगाच्या पलीकडे मिळवण्यासारख्या १८ गुणांपैकी मिळाले ४. या प्रमाणाला जेकब कोहेनने १९६० मध्ये कप्पा हे नाव दिलं, आणि इथे तो येतो ०.२२. या पातळीवरच्या नोंदींवर प्रबंध उभा करू नये. आमची सगळी भांडणं 'ओढ' आणि 'धर' यांच्या सीमेवर होती. दोघींना एकत्र बसवून, टाच रुतली की नाही यावरच निर्णय, कलणं दुय्यम, असा नियम केला तेव्हा कुठे कप्पा वर सरकला. आणि जुळणी कोणत्या दिवशी तपासणार हे दोघींनाही सांगितलं नाही. आपली तपासणी चालू आहे हे माहीत असलं की निरीक्षक जास्त जपून नोंदवतात, हे जॉन रीडने १९७० मध्येच दाखवलं आहे.

इथपर्यंत नोंद घेण्याचा प्रश्न सुटला. मूळ तुलनेचा प्रश्न तसाच होता, आणि तो मी मुद्दाम शेवटी काढला. रापण सुरू होते तेव्हा दोरावर माणसं कमी असतात. जाळं जवळ येऊ लागलं, वर पक्षी घिरट्या घालू लागले की किनाऱ्यावरची गर्दी वाढते, पाट्या घेतलेल्या बाया येतात, पोरं येतात, पर्यटक येतात. म्हणजे जास्त माणसं नेहमी शेवटच्या टप्प्यात. त्याच टप्प्यात बोजाही बदललेला, उत्साहही वेगळा. कमी माणसं आणि जास्त माणसं यांची तुलना केली तर ती खरं म्हणजे सुरुवात आणि शेवट यांची तुलना होणार. प्रयोगशाळेत रिंगलमन माणसं वाढवू-घटवू शकत होता. किनाऱ्यावर ती मुभा नाही. आणि उभा माणूस कमी जोर लावतो हेही खरं नाही. काटक गडी जेमतेम कलून शहरी पाहुण्याच्या दुप्पट ओढतो.

ती दोन दिवस रुसून बसली. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "मग अंगचोरी हा शब्दच काढून टाकते." तिच्या लघुप्रबंधातला हा सगळ्यात चांगला निर्णय, आणि तो तिचा होता.

नवा प्रश्न असा: चालू रापणीत नव्याने सामील झालेला माणूस पहिल्या तीन मिनिटांत काय करतो? यात सुरुवात स्पष्ट आहे, हाताने दोराला पहिला स्पर्श. दोर कुठे धरला, पाण्याकडे, मधे की शेपटाला; कोणी सांगून धरला की आपणहून; पहिली 'ओढ' किती वेळाने; पहिली फेरी पूर्ण केली की मधेच सोडून गेला. टप्पा आणि दोरावरची संख्या सोबत नोंदवायची, म्हणजे तुलना एकाच टप्प्यातली. पर्यटक कोण हे कपड्यांवरून ठरवायला मी मनाई केली. गावातला मुलगा बर्म्युडा घालून आला की काय करणार? रापण संपल्यावर बोयांवर नजर ठेवणाऱ्या त्या म्हाताऱ्या आबांना विचारायचं: निळी टोपीवाला ओळखीचा की नवखा? ते सांगतील ते.

कोणत्या रापणी मोजायच्या याचाही नियम आधी लिहून ठेवावा लागला. मोठी मासळी लागली की गावभर बोंब होते, तेव्हा धावत गेलं तर नमुन्यात फक्त भरलेली जाळी येणार. म्हणून होडी सुटण्यापूर्वी ती किनाऱ्यावर हजर असेल तीच रापण धरायची, जाळं रिकामं आलं तरी. चार सकाळी ती हात हलवत परत आली, कारण होडी निघालीच नाही. मोसम संपेपर्यंत नऊ रापणी हाती लागल्या. तक्त्यांवर खुणा शेकड्यांनी होत्या, आणि त्यांची संख्या प्रकरणाच्या सुरुवातीला ठळक लिहायचा तिचा विचार होता. मी खोडला. एकाच सकाळी, एकाच दोरावर, एकमेकांकडे पाहून वागणाऱ्या माणसांच्या खुणा एकमेकांपासून सुट्या नसतात. हिशोबाला नऊ सकाळी धरायच्या, खुणा नव्हेत. आकडा एकदम लहान झाला, आणि तोंडही.

परवानगीचं फार लांबवत नाही. किनारा सार्वजनिक आहे म्हणून विचारायची गरज नाही, असा युक्तिवाद तिने करून पाहिला. पण लहान गावात निळ्या टोपीवरूनही माणूस ओळखू येतो. संघाच्या बैठकीत जाऊन तिने अभ्यास समजावला, तक्ता दाखवला, चेहरे टिपायचे नाहीत हे मान्य केलं, गावाचं नाव प्रबंधात घातलं नाही. ते मी इथेही घालत नाही.

वहीमुळे वागणं बदलेल ही भीती होतीच. पहिल्या रापणीला पोरांनी तिच्यासमोर दात-ओठ खाऊन ओढण्याचं नाटक केलं. तिसऱ्या वेळेपर्यंत ती 'वहीवाली' झाली आणि कंटाळवाणीही. पहिल्या तीन रापणी सरावाच्या धरून सोडून दिल्या, वरच्या नऊ त्यानंतरच्या. तरी एक गोष्ट शेवटपर्यंत राहिली. जाळं जड लागलं की कोणीतरी ओरडायचंच, "काय बघीत रवलंस? हय ये, दोर धर!" नोंद चालू असताना दोर धरायचा नाही असा आमचा नियम. न धरणं हा तिथे उर्मटपणा. मधला मार्ग म्हणून ती नोंदीच्या वेळा संपल्या की शेवटची ओढ सगळ्यांबरोबर ओढायची, आणि तसं तक्त्यावर लिहायची.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, मग अंगचोर सापडले का? तिने सांगितलं, तसा प्रश्नच आता प्रबंधात नाही, आणि पान उघडून तक्ते पुढे केले. ते उलटत ते नवव्या रापणीपाशी थांबले. तळाशी पेन्सिलीत शेरा होता: 'नोंद ८.४० ला बंद. शेवटची ओढ ओढली. वाटणीत निरीक्षकाला पाच बांगडे. नको म्हटलं, ऐकलं नाही.'